पाण्याखालचा बंद दिवा

१

"मावशी, जरा इकडे ये. या काचेमागे काहीतरी आहे."

भाची दबक्या आवाजातच बोलली होती, पण रिकाम्या हौदाच्या भिंतींनी तो आवाज चांगला मोठा करून परत पाठवला. वरच्या तुळईवरची कबुतरं फडफडली. मावशी उथळ बाजूच्या पायरीवर बसून बुटातला खडा काढत होती. हेल्मेटचा पट्टा हनुवटीला काचत होता आणि आपण या वयात इथे काय करतोय, हा प्रश्न सकाळपासून तिचा पिच्छा सोडत नव्हता.

भाची एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची आणि सुट्टीच्या दिवशी ओसाड इमारतींमध्ये शिरायची. बंद पडलेला कारखाना, बंद पडलेलं शीतगृह, बंद पडलेलं इस्पितळ. रीतसर परवानगी काढायची, डोक्यावर हेल्मेट, हातात टॉर्च, गळ्यात कॅमेरा. घरच्यांनी तिच्यापुढे हात टेकले होते. मावशी मात्र आजवर कधी तिच्याबरोबर गेली नव्हती. विमा कंपनीत जन्मभर तिने जळालेली गोदामं तुडवली होती. आग लागली की लावली, हे शोधायचं तिचं काम. निवृत्तीनंतर पडक्या भिंतींचं तोंड बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पण या वेळी भाचीने नाव घेतलं ते हौदाचं. जुन्या तरणगृहाला सगळे हौदच म्हणायचे. पुढच्या आठवड्यात तो पाडणार होते. आणि मावशी तिथेच पोहायला शिकली होती.

"नुसतं दारातून बघून येऊ," असं म्हणून ती निघाली, आणि आता थेट हौदाच्या तळाशी होती.

छताच्या काचा कधीच निखळल्या होत्या, त्यांतून उन्हाचे तुकडे खाली पडले होते. फरशांच्या फटींतून गवत वर आलं होतं. भिंतीवर रंगवलेल्या सूचना मात्र अजून वाचता येत होत्या: धावू नये. थुंकू नये. आरडाओरडा करू नये. ती वाचताना मावशीला हसू फुटलं. यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या सूचनेचं पालन तिने कधी केल्याचं तिला आठवत नव्हतं. ज्या तळाला नुसतं बोट लावायचं तर छाती फुटेस्तोवर श्वास कोंडून खाली यावं लागायचं, त्याच तळावरून ती आता बूट वाजवत खोल बाजूकडे निघाली.

खोल बाजूच्या भिंतीत, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक गोल जाड काच होती. पूर्वी पाण्याखाली दिवे लागायचे त्यांतली. इतर काचांमागे मोठे दिवे दिसत होते. भाचीने या काचेवरचा चुन्याचा थर रुमालाने घासून काढला होता. तिने टॉर्च काचेला चिकटवला.

आत दोन कान चमकले. चांदीचे, वळणदार. त्यांच्यामध्ये बक्षिसाच्या कपाचं गोल पोट, आणि त्यावर कोरलेली अक्षरं: मुलींची रिले, प्रथम.

मावशीने भिंतीला हात टेकला.

"कुणाचा गं हा?"

"आमचा," मावशी म्हणाली. "चोरीला गेला होता. आणि ज्या मुलीने तो चोरला असं सगळे म्हणत होते, तिचं आयुष्य त्यापायी उलटंपालटं झालं."

२

हौदाच्या काठावर बसून दोघींनी थर्मासमधला चहा घेतला. मावशीचे पाय आपोआप आत लोंबकळू लागले, जणू खाली पाणी होतं.

"आम्ही चौघी होतो," तिने सांगायला सुरुवात केली. "नावाने कुणी हाकच मारायचं नाही. मी मासोळी. एक लांबोडी, ती आता परदेशात असते. एक गोटी, ती बिचारी गेली. आणि चौथी बेडकी. बेडकासारखं पोहण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाण्याबाहेर दिसायची किडमिडी, पण पाय एकदा मारला की बाण सुटावा तशी जायची."

कप जिंकला ती संध्याकाळ मावशीला लख्ख आठवत होती. पोहायला शिकवणारे सर आणि क्लबचे अध्यक्ष बाहेर जेवायला गेले होते. कप मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीतल्या कपाटात ठेवला होता. किल्ली बेडकीकडे.

"दुसऱ्या दिवशी अध्यक्ष कप न्यायला आले. त्यांची रीतच होती ती. आम्ही जिंकायचं आणि कप त्यांच्या दिवाणखान्यात जायचा. मागचे दोन कप आम्ही पुन्हा पाहिलेही नव्हते. कपाट उघडलं तर आत कप नाही. कुलूप शाबूत. झालं! अध्यक्षांनी बेडकीला सगळ्यांसमोर उभं केलं. किल्ली कुणाला दिली होतीस? ती म्हणाली, कुणालाच नाही. शेवटपर्यंत तेच. तिला क्लबातून काढलं. तिच्या बाबांना बोलावून नाही नाही ते ऐकवलं. ती पुन्हा पाण्यात उतरली नाही."

"आणि तू?"

"मी त्या दिवशी उशिरा पोचले. तोवर ती घरी गेली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले, तर तिने दार उघडलं नाही."

भाचीने चहाचा कप खाली ठेवला. "तुला काय वाटत होतं? तिने घेतला असेल?"

मावशीने थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"ती खोटं बोलली होती, एवढं मला पक्कं ठाऊक होतं," ती म्हणाली. "कारण त्या संध्याकाळी तिने किल्ली दिली होती. मला. माझा कंगवा कपाटात राहिला होता, तो मी काढला आणि किल्ली तिला परत केली. मी हे सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, परत केलीस ना, मग झालं. पण मला कोडं पडलं ते पडलंच. जिने काही केलं नाही, ती खोटं का बोलेल?"

३

पाण्याखालच्या दिव्यांपर्यंत पोचायला हौदाच्या भिंतीमागून एक अरुंद बोगदा होता. त्याचं दार पंपघरात. त्या दारावर कुणीतरी पत्रा ठोकून टाकला होता. पाडकामाच्या मुकादमाला गळ घातली तेव्हा त्याने पहारीने तो उचकटून दिला. "पाच मिनिटं, ताई. वरून काही पडलं तर माझी नोकरी जाईल," असं बजावून तो दारातच उभा राहिला.

आत वाकून चालावं लागत होतं. भाची पुढे, मावशी मागे. ओलीचा वास भरला होता, पण मावशीला तो ओळखीचा वाटला. लहानपणी हौदाच्या जाळीला कान लावला की आतून पंपाची घरघर ऐकू यायची आणि हाच वास नाकात शिरायचा.

शेवटच्या दिव्यापाशी भाची थांबली. "मावशी, मूळचा दिवा काढून इथे खाली ठेवलाय."

"कशालाही हात लावू नकोस. आधी फोटो काढ," मावशी म्हणाली. आवाज तिचा तिलाच जुन्या नोकरीतला वाटला.

मग ती स्वतः वाकली आणि बघत राहिली. जळक्या गोदामात बघायची तसं, घाई न करता. खोबणीत ग्रीसचा एक रिकामा डबा पालथा घातला होता आणि त्यावर कप ठेवला होता. कपाची अक्षरं काचेकडे, म्हणजे पाण्याकडे. काचेच्या कडेला एक छोटा बल्ब बसवला होता. त्याच्या वायरीचे जोड काळ्या टेपने नीट गुंडाळले होते. बल्बच्या पुढे कापलेल्या पत्र्याचा आडोसा होता, अशा बेताने की उजेड कपावर पडावा, बघणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये.

"आणि हे बघ." भिंतीवर चिनीमातीच्या फ्यूजांची एक रांग होती. सगळे आपापल्या जागी बसलेले. या दिव्याच्या जागी मात्र खाच रिकामी, आणि तिचा फ्यूज वर फळीवर ठेवलेला.

"जळाला असेल," भाची म्हणाली.

मावशीने तो टॉर्चच्या उजेडात फिरवून पाहिला. "तार शाबूत आहे. काम करताना झटका बसू नये म्हणून काढलाय. आणि परत बसवायचा म्हणून हाताशी ठेवलाय."

"म्हणजे चोराला विजेचं काम येत होतं. सरांना येत असेल? किल्ल्या तर त्यांच्याकडेही असणार."

मावशी कमरेवर हात ठेवून कशीबशी ताठ झाली.

"चोराला लपवायचं असतं गं," ती म्हणाली. "याने तर कप दाखवायला ठेवलाय."

४

सर आता मुलाकडे राहत होते. आरामखुर्चीत बसलेले, गुडघ्यांवर शाल, पण आवाज तोच. मावशी आत शिरताच ते गरजले, "मासोळी! खांदा अजून वाकडा टाकतेस का?"

"आता खांदाच वाकडा झालाय, सर."

मावशीने फोटो दाखवले. सरांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"त्या भोकातून मी कसा जाणार होतो?" ते म्हणाले. "माझा घेर आठवतो ना तुला? पंपघरातूनही मी आडवा होऊन जायचो. आणि विजेला तर मी हातही लावत नसे."

"तुमच्यावर संशय नाही, सर. हौदाच्या किल्ल्या कुणाकुणाकडे होत्या?"

"प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली पंपघरातल्या खिळ्यावर असायची. हे माहीत नव्हतं कुणाला? पोरीबाळींना सुद्धा माहीत होतं. अध्यक्षांना मी हेच सांगितलं असतं, पण मी तिथे असायला हवं होतं ना! मी पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मग सांगितलं तर म्हणाले, मास्तर, तुम्ही तुमच्या पोरींना पाठीशी घालता."

"तुम्ही कुठे होता?"

"दवाखान्यात. आपले पंपवाले काका... त्यांना आदल्या रात्री घरी अर्धांगवायूचा झटका आला. एक अंग गेलं, वाचा गेली. पहाटे त्यांची बायको रडत माझ्याकडे आली."

मावशीला काका आठवले. अंगात तेलकट निळा सदरा, कानावर पेन्सिल. मुलींचे ओठ थंडीने निळे पडले की ते पंपघरातल्या गरम पाइपांवर त्यांचे टॉवेल टाकून ठेवायचे. त्या उबदार टॉवेलात तोंड खुपसण्याइतकं सुख पुढे तिला फारसं कुठे मिळालं नव्हतं.

"आणि पाण्याखालचे दिवे?"

"त्यानंतर लागलेच नाहीत. नवा माणूस आला तो बोगद्यातल्या ओलीला भ्यायचा. अध्यक्ष म्हणाले, दिवसाउजेडी पोहतात, पाण्यात दिवे कशाला? दारावर पत्रा ठोकून मोकळे झाले." सरांनी शाल सारखी केली. मग हळूच म्हणाले, "बेडकी कशी आहे? मला भेटायला सगळ्या येतात. ती एकटीच कधी आली नाही."

याचं उत्तर मिळवायला जिथे जायला हवं होतं, तिथे जायची हिंमत तिने इतकी वर्षं केली नव्हती.

५

बेडकीची रोपवाटिका शहराच्या टोकाला होती. कुंड्यांच्या रांगांमध्ये एक किडकिडीत बाई उकिडवी बसून रोपांच्या मुळांची माती झटकत होती. बसायची ढब बघूनच मावशीने ओळखलं.

"बेडके."

बाईचे हात थांबले. ती वळली नाही. "गुलाब हवे असतील तर मागच्या बाजूला आहेत," ती म्हणाली.

"कप सापडला."

आता ती वळली. तोंडावर आनंद नव्हता, रागही नव्हता. ज्याची वाट बघणं केव्हाच सोडून दिलं, ते दारात येऊन उभं राहावं, तसं काहीतरी.

"सापडला की आणलास?" तिने विचारलं.

भाचीने चमकून मावशीकडे पाहिलं.

"आणला म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुला ठाऊक. तूच घेतला होतास ना?"

मावशीला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो.

"मी?"

"किल्ली मी एकाच माणसाला दिली होती," बेडकी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कंगवा काढायला म्हणून. घरी जाताना तू सारखी म्हणत होतीस, हा कप त्या अध्यक्षाच्या घरी जाऊ द्यायचा नाही, काही झालं तरी नाही. सकाळी कप नाही म्हटल्यावर मला दुसरं काय वाटणार? सगळ्यांसमोर विचारलं, किल्ली कुणाला दिली? तुझं नाव घेतलं असतं तर तुझ्या बाबांनी तुला पट्ट्याने फोडली असती. आमचे बाबा निदान मारायचे नाहीत. म्हटलं, ही येईल, स्वतःच सांगेल."

"आणि मी आले नाही."

"आलीस. दुसऱ्या दिवशी. दाराच्या फटीतून बघितलं मी. हातात कप नव्हता, म्हणून दार उघडलं नाही."

मावशी एका उलट्या कुंडीवर बसली. एवढी वर्षं ती ज्या खोट्याचं कोडं उलगडत बसली होती, ते खोटं तिच्यासाठीच बोललं गेलं होतं.

"मी नाही घेतला गं," ती एवढंच म्हणाली. "तुझी शपथ."

बेडकी तिच्याकडे बघत राहिली. पूर्वी उडी मारायच्या आधी पाण्याकडे बघायची तशी. मग मातीचे हात पदराला पुसत ती शेजारच्या कुंडीवर बसली.

"मग कुणी?" ती म्हणाली. "ज्याने कुणी घेतला, त्याने माझ्यावर आळ आलेला बघितला, आणि तरी तोंड उघडलं नाही. असा कोण होता आपल्यात?"

मावशीच्या डोक्यात त्या एका वाक्याने खट्कन कुलूप उघडलं.

"पुन्हा बोल," ती म्हणाली. "तोंड उघडलं नाही. का उघडलं नसेल?"

६

काकांच्या मुलीचं चष्म्याचं दुकान होतं. काउंटरमागे ती भिंगं पुसत होती. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. झटक्यानंतर ते अंथरुणावरच होते, आणि ती तेव्हा शाळेत जायची.

"ती संध्याकाळ आठवते?" मावशीने विचारलं. "झटका आला त्या दिवशीची?"

"न आठवायला काय झालं! बाबा उशिरा आले. बोटं काळी झाली होती, पण स्वारी खुशीत. आई म्हणाली, आज काय हंडा सापडला का? तर म्हणाले, उद्या पोरींना पाण्यात उतरू दे, मग कळेल. जेवले, झोपले. आणि रात्रीच..." तिने भिंग उजेडात धरून पुन्हा पुसलं. ते आधीच स्वच्छ होतं.

"नंतर त्यांना काही सांगायचं असायचं का? खुणेने?"

"सारखं! आम्ही थकून जायचो. चांगल्या हाताने भिंत दाखवायचे, आणि अंगठ्याने असं काहीतरी दाबायचे." तिने हवेत एक छोटीशी वस्तू खाचेत बसवल्यासारखं केलं. "आम्ही दिवा लावायचो. तर आणखी चिडायचे. बंद करायचो, तरी चिडायचे. लिहून दाखवा म्हटलं तर हातून अक्षरच उमटायचं नाही. शेवटी शेवटी नुसते डोळ्यांतून पाणी काढायचे. आई म्हणायची, डोक्यावर परिणाम झालाय, दुसरं काय?"

मावशीने भाचीकडून कॅमेरा घेतला आणि फ्यूजचा फोटो तिच्यासमोर धरला.

"त्यांच्या डोक्यावर काही परिणाम झाला नव्हता," ती म्हणाली. "त्यांना दिवाच लावायचा होता. पण घरातला नाही."

मग तिने एकेक करून सगळं उलगडून सांगितलं. कप पाण्याकडे तोंड करून होता, म्हणजे तो पोहणाऱ्यांना दिसावा अशी इच्छा होती. आडोसा लावून बल्ब बसवणारा हात विजेच्या कामात मुरलेला होता. बोगद्यात शिरायचं तर माणूस काटक हवा, म्हणून सर बाद. कपाटाची दुसरी किल्ली पंपघरातल्या खिळ्यावरच होती, म्हणून कुलूप शाबूत. अध्यक्षांना कप लपवायची गरजच नव्हती, तो त्यांच्याच घरी जाणार होता. फ्यूज हाताशी ठेवला होता, म्हणजे हे सगळं एका सकाळपुरतं होतं. मुली पाण्यात उतरल्या की फ्यूज बसवायचा, आणि खोल पाण्यात त्यांचा कप उजळून निघायचा. अध्यक्षांच्या दिवाणखान्यात जायच्या आधी एकदा तरी पोरींनी तो डोळे भरून बघावा, एवढीच गंमत.

"इतकं प्रेमाने करणारा माणूस दुसऱ्या दिवशी एका मुलीचा अपमान होऊ देईल का? दिला, म्हणजे त्याला बोलता येत नव्हतं. आणि एका रात्रीत वाचा गेलेला माणूस एकच होता."

काकांच्या मुलीने भिंग खाली ठेवलं. तिने हात तोंडावर घट्ट दाबून धरला होता.

"त्यांना कळलं होतं का हो?" तिने विचारलं. "त्या मुलीवर आळ आला ते?"

"नाही. आजारी माणसाला कुणी काही सांगितलं नव्हतं. सरांनी तशी ताकीदच दिली होती. त्यांना एवढंच वाटत असेल, की पोरी अजून अंधारातच पोहतायत."

७

पाडकाम सुरू व्हायच्या आदल्या सकाळी हौदाच्या दाराशी सरांची चाकाची खुर्ची आली. मुकादमाने कपाळावर हात मारला, पण दोन माणसं बोलावून खुर्ची काठापर्यंत आणून दिली. काकांची मुलगी आली होती. बेडकी सगळ्यांच्या शेवटी आली, आणि भिंतीवरच्या सूचनांसमोर जरा थबकली.

सर तिला बघून खुर्चीतून उठायला लागले. तिने त्यांना खांद्याला धरून बसवलं. सर तिचा हात धरून नुसता थोपटत राहिले.

हौदातली वीज केव्हाच तोडली होती. भाचीने बरोबर बॅटरी आणली होती. काकांच्या मुलीला घेऊन ती बोगद्यात शिरली. मावशी आणि बेडकी खाली तळाशी उतरल्या, काचेसमोर. वरून मुकादमाने ताडपत्री ओढून ऊन अडवलं.

"मावशी, लावू का?" भिंतीपलीकडून भाचीचा दबका आवाज आला.

"तू नको," मावशी ओरडली. "तिला लावू दे."

क्षणभर काहीच झालं नाही. मग काच पिवळी झाली. बल्ब नवा होता, बाकी सगळं काकांनी ठेवलं होतं तसंच. कप जागोजागी काळवंडलेला होता, तरी अक्षरं उजळली, कान उजळले, आणि फिकट निळ्या फरशांवर उजेडाचं एक मोठं वर्तुळ पसरलं. त्या वर्तुळात दोन म्हाताऱ्या बायका उभ्या होत्या. भिंतीपलीकडे कुणीतरी हुंदके देत होतं. वरून सर सारखे विचारत होते, "दिसतंय का गं? मला सांगा तरी, दिसतंय का?"

"दिसतंय, सर," बेडकी म्हणाली. "किती सुंदर दिसतंय!"

तिने काचेवर तळवा ठेवला. मावशीनेही ठेवला.

"मी तुझ्या दाराशी पुन्हा यायला हवं होतं," मावशी म्हणाली.

"आणि मी उघडायला हवं होतं. आता ते उगाळत बसायचं, की काही करायचं?"

कप काकांच्या मुलीकडे गेला. ती नको नको म्हणत होती, पण बेडकीने तो तिच्या हातात कोंबला.

त्याच आठवड्यात मावशीला सकाळी सकाळी फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "पोहायचे कपडे कुठे मिळतात गं हल्ली? आणि किडमिड्या म्हातारीच्या मापाचे मिळतात का?"

नव्या वसाहतीतला तलाव उघडा होता, पाणी निळंशार. सकाळच्या उन्हात ते डोळ्यांना टोचत होतं. शिट्टी गळ्यात अडकवलेली एक तरुण मुलगी त्यांना उथळ बाजूला घेऊन गेली आणि बेडकीला मोठ्या आवाजात विचारलं, "आजी, पोहता येतं का?"

"यायचं," बेडकी म्हणाली.

ती शिडी धरून उतरली. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा तिने एकदा डोळे मिटले. कमरेपर्यंत आलं तेव्हा हात सोडले. बेडकीने हनुवटी पाण्याला टेकवली, गुडघे पोटाशी घेतले आणि पाय मारला.

शिट्टीवाली मुलगी काठाने तिच्याबरोबर चालायला लागली होती. चार पावलांतच तिला चालण्याचा वेग वाढवावा लागला. मग ती थांबलीच, आणि नुसती बघत राहिली.

समोरच्या भिंतीला हात लावून बेडकी वळली. धाप लागली होती, टोपी तिरकी झाली होती. तिने तोंडावरचं पाणी निपटलं आणि सगळ्या तलावाला ऐकू जाईल असा आवाज दिला.

"मासोळे, काठावर उभी राहून काय बघतेस? ये की आत!"